ललितच्या नावाला हजर कोण म्हणणार

धुळे, ता. ९ मार्च २०२५

चि. सौ. हेमांगीस,
ख्रिस्तात सप्रेम सलाम वि. वि.

तुझं पत्र मिळालं. फोन असताना पत्रं कशाला, असं हे मला विचारत होते. म्हटलं, फोनवर आम्ही नणंद-भावजय लगेच भांडतो, पत्रात निदान वाक्य तरी पुरं होतं. कागद कॅलेंडरचा आहे म्हणून हसू नकोस, मागची बाजू कोरी होती. बिबडे वाळले आहेत, कुणी येणारं असेल तर पाठवते. तू तळताना तेल जरा हात राखून घाल. हे पत्र आधी एकटी वाच.

आईने या महिन्यातही प्रभुभोजनाचं तबक काही न घेता पुढे सरकवलं, हे वाचून मला भाकरी गोड लागली नाही. तुमचे जळगावचे पाळक दोनदा घरी येऊन गेले तरी ती ऐकत नाही म्हणतेस. तिचा हट्ट कशाचा आहे ते तुला नीट सांगते, कारण ईस्टरला तू कधी धुळ्याला आलेली नाहीस.

आपल्या मंडळीत पुनरुत्थानाच्या रविवारी पहाटे कबरस्थानात उपासना होते. एकेका घराण्यातल्या, प्रभूत निजलेल्यांची नावं पाळक पुकारतात, जो आधी गेला त्याचं आधी. प्रत्येक नावाला घरातल्या एकाने ‘हजर’ म्हणायचं. मिशनच्या बोर्डिंगात हजेरी व्हायची, त्यावरून जुन्या लोकांनी ही रीत पाडली. अर्थ असा की तो माणूस आता प्रभूपुढे हजर आहे. बाबा गेल्यापासून आपल्या घरचं ‘हजर’ मी म्हणते.

ललितचं नाव आजवर पुकारलेलं नाही. त्याची तान्ही मुलगी गेली, त्यानंतरच्या रविवारी तो भर उपासनेत उभा राहिला आणि असला देव मला नको, असं सगळ्यांसमोर म्हणाला. पुन्हा मंडळीत आला नाही, आणि ट्रक उलटून गेला तोही तसाच. माझ्या आणि तुझ्या योगराजच्या पाठचा, सगळ्यांत धाकटा. आता इथले नवे पाळक नाव पुकारायला तयार आहेत, आणि आई म्हणते ‘हजर’ एस्तेरनेच म्हणायचं, तोवर मी प्रभुभोजन घेणार नाही.

मी म्हणणार नाही. ती साक्ष आहे. ज्याने प्रभूला सगळ्यांदेखत नाकारलं, तो प्रभूपुढे आहे असं मी कशाच्या आधारावर सांगू? आजोबांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा गावाने त्यांचं पाणी तोडलं. आजी नदीच्या वाळूत झिरा उकरून घागर भरायची. शेवटी सगळेच आत जाणार असतील, तर तिने ते कशासाठी सोसलं?

आईला समजाव. तुझं ती ऐकते.

तुझी,
एस्तेरअक्का

जळगाव, ता. १७ मार्च २०२५

ती. अक्कांना,
हेमांगीचा सा. सलाम.

पत्र एकटीनेच वाचलं, पण आईंनी माझं तोंड बघून ओळखलं. मग सगळं वाचून दाखवावं लागलं. तेलाचं तेवढं गाळलं.

डॉक्टर म्हणतात हृदय थकलंय, पाय सुजतात ते त्यामुळेच. प्रवास नको म्हणून बजावलंय. म्हणजे ईस्टरला त्यांना धुळ्याला आणणं होणार नाही. त्यांचं म्हणणं असं की, मी तिथे असते आणि मी ‘हजर’ म्हटलं असतं, तरी लोक म्हणाले असते, आईची माया आहे. एस्तेर लहानपणीसुद्धा खोटं बोलली नाही, मार खाल्ला पण बोलली नाही. ती म्हणाली तरच मला खरं वाटेल. पुढचं त्यांनी मला शब्दाला शब्द लिहायला लावलं, तसंच लिहिते:

“मना ललित तठे नही ऱ्हाई, ते मी तठे जाईसन काय करसू? मी दारमाच बससू.”

एवढं बोलून भिंतीकडे तोंड करून पडल्या.

आता माझं. अक्का, तुमच्या आजीने झिरा उकरला तो प्रभूवर जीव होता म्हणून, की दुसऱ्या कुणाला आत येता येऊ नये म्हणून? मी या घरात आले, बाप्तिस्मा घेतला, ते मनापासून घेतला. पण माझ्या बापाचं काय, हे मी तुम्हाला कधी विचारलं नाही. धरणगावहून आबा आमच्याकडे राहायला यायचे तेव्हा दर रविवारी आईंचा हात धरून त्यांना चर्चच्या फाटकापर्यंत पोचवायचे. उपासना संपेपर्यंत स्वतः बाहेर निंबाखाली बसायचे. आत या म्हटलं तर म्हणायचे, मी इथे बरा आहे. ते गेले तेही त्यांच्या स्वतःच्या देवाचं नाव घेत गेले. त्यांना कुठल्या बाजूला धरायचं, ते तुम्ही मोठ्या आहात, तुम्हीच सांगा.

जास्त बोलले असेन तर पोटात घाला.

आपली,
हेमांगी

धुळे, ता. २५ मार्च २०२५

चि. सौ. हेमांगीस,
सप्रेम सलाम.

आईला सांग, असं बोलू नये. तारण म्हणजे मुलाशिवाय मी जेवत नाही म्हणायला घरचं ताट नव्हे. आता या वयात, अशा तब्येतीत, दारात बसेन म्हणणं मला ऐकवत नाही. दोन दिवस माझं कशात लक्ष नाही, कुरडयांचा चीक लागला.

मी नव्या पाळकांकडे गेले होते. वयाने माझ्या मुलासारखे. मी सरळ विचारलं, सगळ्यांचंच तारण होणार असं तुम्ही मानता का. ते म्हणाले, तसं मी शिकवणार नाही, शास्त्रात न्यायाचं लिहिलेलं मला पुसता येत नाही. पण तसं व्हावं असं ज्याला वाटत नाही तो पाळक कसला, हेही मला कळत नाही. मी म्हटलं, वाटणं वेगळं आणि साक्ष वेगळी. मग तुम्ही ललितचं नाव पुकारूच नका. तर म्हणाले, तुमच्या आईला शब्द दिलाय, पुकारणार. ओ द्यायची की नाही ते तुम्ही ठरवा.

म्हणजे नाव पुकारलं जाणार आणि सगळं कबरस्थान माझ्याकडे बघत राहणार. मंडळीच्या कारभारातले रुपचंद वडील तर बघतीलच. ललित ते बोलला तेव्हा तेच पुढच्या बाकावर होते.

मला दगड समजू नकोस. त्या पोरीची पेटी त्याने रिक्षात मांडीवर घेतली होती, मी शेजारी बसले होते. खड्डा आला की तो दोन्ही हातांनी पेटी उचलून धरायचा, तिला धक्का लागू नये म्हणून. प्रार्थनेत त्याचं नाव अजून ओठांवर येतं, आणि मी ते गिळते. पण जे मला ठाऊक नाही ते मी प्रभूच्या नावाने सांगणार नाही. आईसाठीसुद्धा नाही.

रागावलीस तरी तब्येत कळवत राहा.

एस्तेरअक्का

जळगाव, ता. १२ एप्रिल २०२५

ती. अक्कांना सलाम.

आईंना धुळ्याला आणून माती दिली, त्या दिवशी आपण एकमेकींशी बोललो नाही. तुम्ही बाबांच्या कबरीकडे तोंड करून उभ्या होत्या, आणि मीही जवळ आले नाही. म्हणून आईंचं शेवटचं लिहून कळवते, तुम्हाला कळायला हवं.

त्या गेल्या त्याच्या आदल्या दिवशी पाळक प्रभुभोजन घेऊन घरी आले होते. आईंनी ओठ मिटून घेतले. ते गेल्यावर मला विचारलं, एस्तेरचा निरोप आला का. अक्का, ‘हो’ म्हणून टाकावं असं अगदी तोंडावर आलं होतं. मरणाऱ्या माणसाला कुणीही एवढं सांगितलं असतं. पण तुमच्या घरात राहून मीही तुमच्यासारखीच झाले, खोटं निघेना. नाही म्हटलं. त्या रागावल्या नाहीत. डोक्यावरचा पदर नीट करून घेतला, बाहेर जायचं असलं की करायच्या तसा. म्हणाल्या, बरं, मग बसते मी दारात. त्यानंतर बोलल्या नाहीत.

ईस्टरला आता आजोबा-आजींच्या पाठोपाठ आपल्या घरची तीन नावं येतील. बाबा, ललितभाऊजी, आई. मी येणार नाही. योगराजांना ड्यूटी आहे, पण माझं कारण ते नाही. ललितभाऊजींचं नाव पुकारावं आणि कुणी ओ देऊ नये, ते मला ऐकवणार नाही.

हेमांगी

धुळे, ता. २१ एप्रिल २०२५

प्रिय हेमांगीस,
उठलेल्या प्रभूच्या नावात सलाम.

काल पहाटेचं तुला आजच लिहिते. ऊन चढायच्या आत उरकावं म्हणून पाळकांनी अंधारातच सुरुवात केली. आईच्या कबरीची माती अजून बसलेली नाही. योगराजने ठेवलेल्या विटा तशाच आहेत.

मी गप्प राहायचं ठरवून गेले होते. आजोबा-आजीच्या आणि बाबांच्या नावाला ‘हजर’ म्हटलं. मग पाळकांनी ललितचं नाव पुकारलं, पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, आणि थांबले. रुपचंद वडिलांनी मान वर केली. मी तोंड मिटून उभी होते. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की पुढचं नाव आईचं आहे. तिथे मी काय म्हणणार?

आईला तू ओळखतेस. दारात बसते म्हणाली म्हणजे बसली असणार. प्रभूने स्वतः येऊन आत चल म्हटलं, तरी पदर सावरून तिथेच. म्हणजे ललितच्या नावाला गप्प राहिले, तर आईच्या नावाला ‘हजर’ म्हणणं हीच खोटी साक्ष. आणि आईच्या नावाला गप्प राहायचं? जिने मला प्रार्थना शिकवली तिच्या? मी पुष्कळ प्रयत्न केला, पण आई बाहेर उंबऱ्यावर आणि प्रभू आत दार लावून बसलाय, असं काही डोळ्यांसमोर येईना. हरवलेल्या एकासाठी बाकीची मेंढरं रानात ठेवून निघणारा तो. दारातल्या म्हातारीला तो विचारणार नाही का, कुणाची वाट बघतेस म्हणून? आणि तिने सांगितल्यावर तो काय करील?

पाळक अजून थांबले होते. मी म्हटलं, “हजर.”

मोठ्याने म्हटलं. मागच्या बायका वळून बघायला लागल्या. मग आईचं नाव आलं, त्यालाही म्हटलं. परत येताना रुपचंद वडील रस्त्याच्या पलीकडून चालले, आणि यांनी घरी येईपर्यंत माझी पिशवी धरली, एरवी कधी धरत नाहीत.

मला सगळं उमगलं असं समजू नकोस. न्याय नाही, असं मी म्हणत नाही. आजीच्या झिऱ्याचं उत्तरही मला सापडलेलं नाही. तू विचारलंस ते खरं असेल, तिने उकरलेलं पाणी दुसरं कुणी प्यायलं तर तिचं काय गेलं असतं. यापुढे मंडळीत मला कुणी आधार विचारला, तर शास्त्रातली एक ओळ दाखवता येणार नाही, हेही मला ठाऊक आहे. तो भार मी घेतलाय.

एक राहिलं. तू आबांबद्दल विचारलं होतंस आणि मी मागच्या पत्रात त्यावर अवाक्षर लिहिलं नाही. मुद्दाम लिहिलं नव्हतं. त्यांचं नाव आपल्याकडे पुकारणार नाहीत. त्यांचा देव त्यांनी सोडला नाही, तेव्हा तो हक्कही आपला नाही. पण सगळी नावं संपली की पाळक जरा वेळ काही न बोलता उभे राहतात. पुढच्या ईस्टरला तू ये, आणि माझ्या शेजारी उभी राहा. त्या वेळात तुझ्या बापाचं नाव हळू आवाजात घे.

निंबाखाली बसून ज्याने माझ्या आईची वाट बघितली, त्याच्या नावाला मी गप्प राहणार नाही.

बिबडे पाठवते. तेल हवं तेवढं घाल. राग पुरता गेला नसला तरी माया ठेव.

तुझी,
एस्तेरअक्का