घंटीच्या फुलांना भर दुपारी घातलेलं पाणी

बाबा, मी आता कारध्याला राहते आणि घराच्या मागच्या अंगाला, भिंतीच्या सावलीत, तीच निळी-जांभळी घंटीची फुलं लावली आहेत. तुम्ही असता तर म्हणाला असता, "काहून व, तुले दुसरं झाड नाही भेटलं?" मी शोधायला गेलेच नव्हते. तुमची नात पहाडात नोकरीला आहे. गेल्या वर्षी दिवाळीला येताना तिने ओल्या कागदात गुंडाळून वीस रोपं आणली. "आई, हे जमिनीवर पसरत जातं, दरवर्षी फुलतं. एकदा लावलं की झालं," ती म्हणाली. मी तिच्या हातातून पिशवी घेतली आणि पानं लगेच ओळखली.

भंडाऱ्याच्या त्या विश्रामगृहात तुम्ही माळी होता तेव्हा मी नऊ-दहा वर्षांची असेन. कोण्या साहेबांच्या बाई थंड मुलखातून हीच रोपं घेऊन आल्या होत्या. वाटेच्या कडेने निळी सतरंजी अंथरल्यासारखी दिसली पाहिजे, असं सांगून त्या गाडीत बसल्या. "बाईसाहेब, हे थंडीचं झाड आहे, आपल्या इथं जमीन लई तपते," हे तुमचं वाक्य गाडी निघून गेल्यावर पुरं झालं. मग तुम्ही वैनगंगेची रेती आणून मातीत कालवलीत, पाणी साचू नये म्हणून वाफे उंच केलेत, दुपारच्या उन्हाकडून ओली बारदानं बांधलीत. फेब्रुवारीत फुलं आली. शाळा सुटली की मी तिथेच येऊन बसायची. तुम्ही मातीत दोन पेरं बोट खुपसून बघायचा आणि मला सांगायचा, "पाहाचं, हात नाही लावाचा. वरून सुकलं म्हनून खाली सुकलं असं नाही. या झाडाले तहानेपेक्षा पान्याचं भेव जास्त."

मी ऐकलं नाही, बाबा. मार्चमध्ये दुपारी पानं माना टाकायची. तुम्ही जेवून औजारांच्या खोलीत जरा पडायचा. तेवढ्यात मी उन्हात पडलेला पाइप उचलून पाणी सोडायची. ते हाताला चटका देण्याइतकं गरम यायचं. संध्याकाळी पानं पुन्हा उभी राहिली की वाटायचं, मीच वाचवली. आठ दिवस असं चाललं. मग बुडाशी देठ काळे पडले, हात लावला तर झुपका मुळासकट हातात यायला लागला. मुकादम सगळ्यांदेखत तुम्हाला म्हणाला, "इतके वर्ष झाडं लावून राहिला, अजून पान्याचा अंदाज नाही तुले?" तुम्ही खाली बघत होता. मी नळाच्या टाकीमागे होते, तुमच्यापासून दहा पावलांवर. पुढच्या आठवड्यात तुम्हाला बागेतून काढून फाटकावर पहाऱ्याला उभं केलं. आईने विचारलं, "काहून?" तुम्ही म्हणालात, "झाडं मेली." त्यानंतर तुम्ही आपल्या अंगणात साधं गुलबक्षीचं बीसुद्धा टाकलं नाही.

तर अशी ही झाडं मी परत लावली. तुमच्यासारखीच रेती, तसेच उंच वाफे. हिवाळाभर सकाळ-संध्याकाळ मातीत बोट घालून बघत होते. फुलं आली, शेजारपाजारच्या बाया पाहायला आल्या, पण मला सुख म्हणून वाटलं नाही. मार्चमध्ये डोळ्याच्या ऑपरेशनसाठी नागपूरला चार दिवस राहावं लागलं. घरी हे एकटेच. कागदावर लिहून दिलं होतं, दुपारी पाणी नाही, फक्त सकाळी, तेही माती पाहून. तरी दवाखान्यातून दिवसाला पाच-पाच फोन केले. "अवं, तुझा डोळा सांभाळ, झाडं मी पाहून राहिलो ना," हे हसायचे.

आले तर अकरा झुपके काळे. यांनी मान खाली घालून सांगितलं, "दुपारी कोमेजल्यासारखे दिसले. तहान लागली असन म्हटलं."

आणि माझ्या तोंडून मुकादमाचं वाक्य निघालं, बाबा. "इतके वर्ष झाले, पान्याचा अंदाज नाही तुम्हाले?" तोच सूर. शेजारीण कुंपणापलीकडे कपडे वाळत घालत होती, तिनेही ऐकलं. आयुष्यभर एसटीत कंडक्टरकी केलेला माणूस, कोणाचं ऐकून न घेणारा, तसाच खाली बघत उभा राहिला. मी तिथेच मातीत बसले. डोळ्याला पाणी लावायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं, तरी रडले, आणि लग्नाला तीस वर्षं होऊन गेल्यावर यांना तुमची सगळी गोष्ट सांगितली.

"मंग बाबाले सांगतलं काहून नाही?" यांनी विचारलं.

"भेव वाटलं."

"माराचं?"

"नाही. ते काहीच म्हननार नाहीत, याचं."

मग यांनीच खुरपी आणली. उरलेले नऊ झुपके आम्ही उचलले, सडलेली मुळं कापली, कुंड्यांत लावून उत्तरेच्या खिडकीखाली ठेवले. मे अखेरच्या नवतपाच्या उन्हात तीन गेले, पावसाळ्यात दोन. चार राहिले. आता पुन्हा थंडी आहे, ते वाफ्यात परत लावलेत आणि वीतभर पसरलेत. कळ्या धरल्या आहेत. तरी मला झोपेतसुद्धा मार्च दिसतो. हे म्हणतात, मेली तर लेक दुसरी आणेल. मी मान हलवते आणि जाऊन मातीत बोट घालते.

हे कागद मी कपाटात ठेवणार आहे. पाठवायची सोय असती तरी पाठवले नसते, कारण एक गोष्ट यांनाही सांगितलेली नाही. फाटकावर लागल्यापासून तुम्ही पाचला सुटायला लागलात. मला सायकलच्या दांडीवर बसवून नदीच्या घाटापर्यंत न्यायचा, फुटाणे घेऊन द्यायचा. तुमच्या मनावर काय होतं ते मला ठाऊक होतं, का तेही ठाऊक होतं. तरी बाबा, त्या दिवसांत मी खूप खूश होते.