पुकारा झाला की सगळ्यांनी उठायचं

माय, निकाल लागला तेव्हाच तुला लिहायला हवं होतं, पण तेव्हा अंगात बळ नव्हतं. आता तरी कुठं आहे. अंगणवाडीची पोरं घरी गेली, खिचडीचं पातेलं घासून पालथं घातलं आणि तिथंच बसून लिहिते आहे. आपण जिंकलो, आणि वनखातं लगेच वरच्या कोर्टात गेलं. म्हणजे पुन्हा तारीख. तू असतीस तर म्हणाली असतीस, "मंग काय झालं, भाकरी बांधा." मला मात्र तारीख म्हटलं की आता पायात गोळे येतात.

डोंगरकडा गावाच्या अलीकडं, नाल्याच्या काठाला तुमची ती सरकारी नर्सरी. माती, वाळू, शेणखत कालवून काळ्या पिशव्या भरायच्या, बी टोचायचं, वाफ्यावाफ्यानं पाणी घालायचं. सकाळी गार्ड हजेरी घ्यायचा, आणि नाव घेतल्याबरोबर उभं राहून "हाजीर" म्हटलं नाही तर तो दिवस गेला. इतकी वर्षं राबूनही तुम्हाला कायम केलं नाही, कारण साहेब म्हणायचे, कामात खंड आहे. खंड पाडायचे तेच. मधेच काही दिवस घरी बसवायचे आणि मग नव्यानं नाव लिहायचे. चोर तो चोर वर शिरजोर. शेवटी तुम्ही सगळ्या बायांनी मिळून नांदेडच्या कामगार कोर्टात एकच दावा लावला, आम्हाला कायम करा म्हणून. कागदावर पहिलं नाव तुझं आणि पुढं नुसतं 'व इतर'. नाल्यापलीकडची काकू हसायची, "हिचं नाव कागदावर, आन् आमी इतर. भाकरी खायापुरत्या."

पहिल्या तारखेला मी होते. शाळेत जात होते तेव्हा, काही वाचून सांगायला लागलं तर असावी म्हणून तू मला नेलंस. पट्टेवाल्यानं दारात येऊन तुझं नाव पुकारलं आणि व्हरांड्यात ओळीनं बसलेल्या तुम्ही सगळ्याच्या सगळ्या एकदम उठून "हाजीर" म्हणालात. आतले वकील माना वळवून बघायला लागले. पट्टेवाला म्हणाला, "अरे बैठो, बैठो." तुमची समजूत अशी की इथंही हजेरीच आहे. जी आली नाही तिचं नाव कटलं, आणि इथंही खंड पडला. त्या दिवसापासून तो नियमच झाला. तारीख लागली की मजुरी बुडवायची, पहाटे विहाराच्या पायरीवर जमायचं, एसटीनं नांदेड गाठायचं आणि नर्सरीत जी जिच्या शेजारच्या वाफ्यावर असायची ती तिच्याच शेजारी बसायची. दुपार कलल्यावर कळायचं, जजसाहेब रजेवर आहेत, पुढची तारीख. काकू ओली बाळंतीण असताना लेकरू पदराखाली घेऊन आली होती. पुकाऱ्याला तीही उठली, लेकरासकट.

मला बघायला पुसेगावचे पाहुणे आले, त्या दिवशीही तारीख होती. मी म्हणाले, एक दिवस नको जाऊ. तू केस विंचरत होतीस. फणी न थांबवता म्हणालीस, "मी न्हाई गेले तर बाकीच्या काहून जातील?" पोहे मामीनं केले. पाहुण्यांनी विचारलं, पोरीची आई कुठं आहे, आणि आमचा सरळमार्गी मामा म्हणाला, कोर्टात. पाहुण्यांनी काय समजायचं ते समजून घेतलं. ते स्थळ गेलं. त्याचं मला दुःख नाही, त्या माणसाला माझ्याकडं बघण्यापेक्षा पोह्यांची घाई होती. पण उंबऱ्याशी तू नव्हतीस, हे मला लागलं होतं. अजून लागतं.

मग तू गेलीस, निकालाआधीच. वारस म्हणून तुझ्या जागी माझं नाव लागलं. त्यानंतरच्या पहिल्याच तारखेला वकिलाच्या म्हाताऱ्या मुन्शीनं मला जिन्याखाली बोलावलं. तोंडातलं पान सावरत म्हणाला, "ताई, एक गोष्ट तुमच्या कानावर घालतो. एवढ्या बायांची तकलीफ बघवत न्हाई. वकीलपत्र दिलंय, कोणीबी न्हाई आलं तरी चालतंय. तुमच्या मायला मी पहिल्याच साली सांगितलं व्हतं."

"मग ती का आणायची सगळ्यांना?"

"मी सांगितल्यावर तिनं दोघींना घरी ठेवलं व्हतं. दुखणंखुपणं व्हतं त्यांच्या घरी. त्याच दिवशी गार्ड त्यांच्या दारात. एकेकटीला गाठून म्हणला, बाकीच्यांनी माघार घेतली, तूबी अंगठा दे. दिला दोघींनी. गेल्या दाव्यातून. मंग तुमची माय मला म्हणली, मुन्शीसाहेब, हे माझ्या बायांना सांगू नका. एका जागी बसल्या तर टिकतील."

परतीच्या एसटीत खिडकीशी बसून मनातल्या मनात तुझ्याशी कडाकडा भांडले. इतकी वर्षं, माय. ती बाळंतीण, ती बुडालेली मजुरी, माझे पाहुणे. तुला सगळं ठाऊक होतं आणि तू शांतपणे केस विंचरत होतीस. मागच्या सीटवर तुझ्या बाया एकमेकींच्या खांद्यावर माना टाकून झोपल्या होत्या. त्यांना उठवून सांगावंसं वाटलं आणि धीर झाला नाही. त्या दोघींनंतर एकही अंगठा गेला नाही, हेही खरंच. निकाल लागला तो सगळ्यांचा मिळून लागला. तुझ्यावर धड रागावताही येत नाही, याचाच जास्त शीण येतो.

आता दावा औरंगाबादला, खंडपीठात. तिथं तर कुणी बोलावलेलंच नाही. नर्सरी बंद पडली, वाफ्यांत बाभळी माजल्या. गार्ड रिटायर होऊन नातवंडं सांभाळतो. कुणाला कुणापासून फोडायचं म्हटलं तरी आता फोडायला कोण येणार? कित्येक जणी तुझ्या मागोमाग गेल्या, उरल्यात त्यांचे गुडघे गेलेत. कायम झाल्या तरी पिशव्या भरायचं वय राहिलेलं नाही, म्हातारपणी पेन्शन लागेल एवढीच आशा. मी ठरवलं होतं, यावेळी सांगून टाकायचं. बायांनो, घरी बसा, निकाल लागेल तेव्हा मी येऊन सांगेन.

परवा बाजारात काकू भेटली. एका डोळ्यात मोतीबिंदू, हातात काठी. मेथीची जुडी खालीवर करत म्हणाली, "तारीख लागली म्हनं. लई लांब हाय बाई आता. समद्यांनीच जायचं का?"

सांगायला याहून सोपी वेळ मिळाली नसती. ती तर स्वतःच विचारत होती.

मी म्हणाले, "व्हय, समद्यांनी. न्हाई आलं तर नाव कटतंय."

"बराबर हाय," काकू म्हणाली. दोन जुड्या जास्तीच्या घेतल्या तिनं. "दशम्या मी करते. तू काही आणू नको."

तुझे सगळे कागद मीच तुला वाचून दाखवायचे, हा एक तेवढा राहणार. घडी करून ठेवून देते. पण एक सांगते, कारण तू विचारलं असतंस. तुझ्याकडं निदान गार्ड होता. माझ्याकडं तसलं काही कारण नाही. नांदेडचा पट्टेवाला शेवटपर्यंत तुझंच नाव पुकारायचा, आधी 'मयत' लावून का होईना. औरंगाबादलाही तसंच पुकारतील, असं मुन्शी म्हणाला. तेवढंच एक ठिकाण उरलंय जिथं कुणी तुझं नाव मोठ्यानं घेतं, आणि ते ऐकून एकटीनं उभं राहायला मला भीती वाटते.