गाडीत कोण कोण बसतं

मिरज,
१८ एप्रिल २०२१

ती. अप्पांस,
पायलचा सप्रेम जयभीम. वि. वि.

परवा तुम्ही बोलता बोलता फोन ठेवलात आणि नंतर केलेला एकही उचलला नाहीत. आई म्हणते, फोनवर त्यांचा आवाज चढतो आणि डॉक्टरांनी तो चढवायचा नाही म्हणून सांगितलंय. म्हणून हा कागद. तीस वर्षं पोरांना पत्रलेखन शिकवलंत, निदान गुण द्यायला तरी वाचाल.

संस्थेत लागून तीन आठवडे झाले. आधी मी फोनवरच होते. कुठं बेड शिल्लक आहे, ऑक्सिजन कुठं मिळेल, कुणाच्या घरी डबा पोचवायचाय, हेच दिवसभर. मग आमचे प्रमुख दिग्विजयदादा म्हणाले की मयताच्या गाडीवर माणसं कमी पडताहेत आणि पायल धीराची आहे. मला बरं वाटलं अप्पा, खोटं कशाला सांगू.

पहिल्याच दिवशी शिराळ्याकडचे एक आजोबा होते. मुलगा फौजेत, तिकडं वर बर्फात. मी फोन धरला आणि त्यानं व्हिडिओवर बाप बघितला. कडक सॅल्यूट केला, तो हात काही खाली घेईना. शेवटी मीच फोन बंद केला. कुणाचे नातेवाईक दवाखान्याच्या फाटकापर्यंत येतात, कुणाचे तेवढेही येत नाहीत. मग हे कुणीतरी करायला हवं की नको?

किट घालते, हातमोजे दोन-दोन घालते. काळजी करू नका. रागवा हवं तर, पण लोभ मात्र फोनसारखा अर्ध्यात ठेवू नका.

तुमची,
पायल


उंब्रज,
२३ एप्रिल २०२१

चि. पायल हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद व जयभीम. वि. वि.

पत्र मिळालं. दहापैकी सात गुण. तीन कापले ते माझा राग रोगाच्या भीतीपोटी आहे असं धरून चाललीस म्हणून. रोगाला मी भीत नाही. एक डोस घेतलाय, आणि तुझ्या आईच्या काढ्यापुढं त्या विषाणूची काय बिशाद!

मयत उचलणं आपल्या घराला नवीन नाही, बाळ. गावात कुणी गेलं की तुझा आजा सांगावा घेऊन उन्हातान्हात वडूजपर्यंत पायी जायचा. सरणाची लाकडं फोडायचा, मेलेली जनावरं ओढायचा. बदल्यात शिळी भाकरी, तीही वरून टाकलेली. छप्पन साली दीक्षा घेतली आणि सांगावा नेताना हाती असायची ती गावकीची काठी त्यानं चावडीत नेऊन ठेवली. म्हणाला, आजपास्नं ज्याचं मयत त्यानं उचलावं. गावानं आपलं पीठ-पाणी बंद केलं, तरी त्यानं ती परत घेतली नाही. मी तेव्हा आईच्या कडेवर होतो. ती काठी तिथं राहिली म्हणून मी मास्तर झालो आणि तू एवढी शिकलीस.

तेव्हा एकच विचारतो. त्या गाडीत तुझ्याबरोबर कोण कोण बसतं? आणि फोनवर कोण बसतं? मला कळवू नकोस, तुझं तू बघ. बघून झालं की ते काम सोड. सोडत नाहीस तोवर या घरात पाऊल टाकू नकोस.

तुझा,
अप्पा

ता. क. तुझी आई सांगते ते जसंच्या तसं लिहितो. पायले, ह्यांचं काय मनावर घिऊ नगंस. रोज टपालवाल्याला पारापातूर आडवं जात्यात. तू गरम पानी पी, आन् त्यो प्लास्टिकचा झगा काडल्याबिगर तोंडाला हात लावू नगंस. (यातलं पहिलं वाक्य मला मान्य नाही.)


मिरज,
२९ एप्रिल २०२१

ती. अप्पांस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

तुमचं पत्र वाचून आधी संताप आला. वाटलं, जग कुठल्या कुठं गेलं आणि अप्पा अजून चावडीतच बसलेत. पत्राचा चोळामोळा करून टाकला. पण प्रश्न काही डोक्यातून जाईना. दुसऱ्या दिवशी गाडीत मी मागं वळून बघितलं.

गाडी चालवणारा अर्जुना सफाई कामगारांच्या चाळीतला. माझ्याशेजारी कपिल, आपल्यातलाच. मागची दोन्ही पोरंही जयभीमवाली. आणि फोनवर संयोगिता आणि वीरधवल. संयोगिता माझ्याच वर्गातली, शिक्षण अगदी एक. हुकूम कुणी कुणाला दिलेला नाही अप्पा. प्रत्येकाला गोड बोलून विचारलंय. कुणी धीराचं म्हणून, कुणी अंगानं दणकट म्हणून.

मी दिग्विजयदादांकडं गेले आणि गाडीवर सगळ्यांच्या पाळ्या लावा म्हटलं. त्यांचा चेहराच पडला. म्हणाले की इथं कुणी जात मानत नाही, तुझ्या मनात हे आलंच कसं. वीरधवल म्हणाला की त्याच्या घरी वयस्कर आई आहे. आम्ही सगळे जणू आभाळातून पडलोय! मग माझाही तोल गेला. पाळ्या लागत नाहीत तोवर गाडी निघणार नाही, असं म्हणाले. दादांनी शांतपणे विचारलं की दवाखान्यात आत्ता मयतं पडलीत, ती या उन्हात तशीच ठेवायची का. मी गुपचूप गाडीत जाऊन बसले.

संध्याकाळी त्यांनी बोलावून घेतलं. तुझ्यावर ताण आलाय, दहा तारखेपासून तू परत फोनवर बस, म्हणाले. बाकीचे आहेत तिथंच. म्हणजे तुमच्या मनासारखं होतंय. मला घरी येता येईल. मग लाज कशाची वाटते आहे? काय करू ते लिहा. फोनवर सांगू नका, मी रडेन.

उत्तराची वाट बघते. रागासकट लोभ असू द्या.

तुमची,
पायल


उंब्रज,
४ मे २०२१

चि. पायल हिस,
अनेक आशीर्वाद व जयभीम. वि. वि.

हे पत्र मागच्या खोलीतून लिहितो आहे. तुझी आई ताट उंबऱ्यावर ठेवते आणि लांबूनच बोलणीही वाढते. घाबरू नकोस, ताप नाही. वेगळं का बसवलंय ते सांगतो.

शनिवारी खालच्या आळीतला जोतीराम वारला. शाळेत माझ्या वर्गात होता. कराडहून गाडी त्याला घेऊन थेट नदीवर आली आणि भावकीनं पटापट दारं लावून घेतली. त्याचा पोरगा मल्हार आपल्या वस्तीत आला. हात जोडून म्हणाला, आवं गुर्जी, तुमची पायल सांगलीकडं ह्येच काम करती म्हनं, तुमच्यातली चार पोरं द्या की. पोरगं वाईट नाही. बाप गेलेला, डोळे सुजलेले. पण त्याला चुलत्याचं दार आठवलं नाही, मित्राचं आठवलं नाही, आपली वस्ती आठवली.

म्हणालो, पोरं मिळणार नाहीत, मी येतो. मात्र पुढची बाजू तू धरायची, आणि तुझा चुलता नाथाजी आल्याशिवाय मी हात लावणार नाही. नाथाजीच्या दारात उभं राहून जो आवाज काढला, तो डॉक्टरांच्या कानावर गेला नाही हे बरं. बऱ्याच वेळानं कडी निघाली. पुढं ते दोघं, मागं मी. जोतीरामला नीट पोचवला.

तेव्हा माझं आधीचं म्हणणं मी मागं घेतो. काम सोडू नकोस आणि ती फोनची खुर्चीही घेऊ नकोस. तुझ्या आजानं काठी खाली ठेवली होती, दुसऱ्याच्या हातात दिली नव्हती. तू उठलीस की तुझ्या जागी कपिलशेजारी कुणाला बसवतील, ते तुला ठाऊक आहे. मयत अडवू नकोस, त्याचा काही गुन्हा नाही. जिवंत माणसं अडव.

नोकरी जाईल कदाचित. गेली तर घर आहे. घराबद्दल जे लिहिलं ते रागानं लिहिलं, त्याचं फार वाईट वाटतं आहे. जपून राहा.

तुझा,
अप्पा


मिरज,
१६ मे २०२१

ती. अप्पांस,
पायलचा जयभीम. वि. वि.

तुमचा रिपोर्ट चांगला आल्याचं आईनं कळवलं. आता पुढच्या वेळी नाथाजीच्या दारात जाताना आधी गोळी घ्या.

दहा तारखेला मी किट घालून फोनच्या खोलीच्या दारात उभी राहिले. कपिल आणि दोन्ही पोरं माझ्या मागं. म्हटलं, गाडी आत्ता निघणार, मयताला ताटकळत ठेवणार नाही. पण आमच्यातलं एक जण आज इथं फोनवर बसेल आणि तुमच्यातलं एक जण गाडीत येईल. आमच्यातलं, तुमच्यातलं, हे शब्द तोंडातून गेले आणि सगळे खाली बघायला लागले. दवाखान्याचा फोन वाजत राहिला, कुणी उचलेना. शेवटी संयोगिता उठली. तिला किटची चेन लावता येईना, ती मी लावली. स्मशानात तिला भोवळ आली. जरा बसली, मग उठून तिनं बाजू धरली. इकडं कपिल फोनवर बसला तो अर्धा दिवस हॅलोच्या पुढं जाईना.

वीरधवलची पाळी गुरुवारी होती. बुधवारी त्याच्या आईचा मला फोन आला. म्हणाली, माझ्या पोराला कशापायी वढतीस बाई, ह्ये काम आमच्यातल्यांचं न्हाई. अप्पा, दीड महिना जे कुणी तोंडानं बोललं नव्हतं, ते त्या माउलीनं एका दमात बोलून टाकलं. मी चिडायला हवं होतं. पण ती रडत होती. शेवटी म्हणाली की तो गाडीत बसला तर ती त्याला घरात घेणार नाही.

गुरुवारी वीरधवल आला. त्या दिवशी दादांनीही किट मागितलं आणि माप लहान आहे म्हणून परत ठेवलं. माझ्याशी त्यांनी बोलणं टाकलंय. महिनाअखेर मला ठेवतील की नाही, सांगता येत नाही. पाळ्या मात्र लागल्यात आणि त्या मोडायला आता त्यांना सगळ्यांसमोर तोंड उघडावं लागेल.

वीरधवल गुरुवारपासून संस्थेतच झोपतो. आई फोन उचलत नाही. काल परतताना तो माझ्याशेजारी बसला होता आणि सारखा त्या फोनकडंच बघत होता. मी पिशवीतून कागद काढून त्याच्या हातात दिला. गाडी संस्थेच्या दारात आली तेव्हा त्यावर एवढंच लिहून झालं होतं: ती. आईस.

आईला नमस्कार. दोघांनी माझ्यावर माया ठेवा.

तुमची,
पायल