पुढचा एक, मागचे तीन

दि. ६ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. तीन पानं कुंड्यांची, शेजारणीची आणि पडद्यांची खबरबात, आणि जिन्यावर पुन्हा पाय घसरल्याचं मात्र अगदी शेवटच्या ओळीत, समासात. पस्तीस वर्षं मुद्रितं तपासण्यात गेली माझी. समासात कोंबलेलंच मी आधी वाचतो, हे विसरलीस वाटतं.

भावोजी गेल्यापासून तू तिसऱ्या मजल्यावर एकटी. आमच्याकडे चल म्हटलं की तुझी अट ठरलेली: अप्पांची जुनी गाडी स्वतःच्या इंजिनावर तुझ्या दारात आली, तरच तिच्यात बसून तू कायमची यायची. तीस वर्षं न हललेली गाडी हा तुझा मेकॅनिक-कम-ड्रायव्हर-कम-फजितवाडा भाऊ कशाला हलवतोय, असं तुला वाटलं असणार. मलाही तसंच वाटत होतं.

पण ऐक. इंजिन चौथ्या हँडलला सुरू झालं. मी इतका दचकलो की हँडल हातात घेऊनच घरात पळालो. अडलंय ते पुढे. गिअरबॉक्सचे दात माझ्या दाढांइतकेच शिल्लक आहेत, आणि एवढ्या जुन्या गाडीचे सुटे भाग आता कुठेच मिळत नाहीत. शेवटी भंगारवाल्याकडून तिच्यापेक्षा वीस वर्षांनी नव्या गाडीचा गिअरबॉक्स आणि मागचा एक्सल आणला. आता इंजिनाच्या पाठीवर बोल्टांची भोकं सहा, आणि गिअरबॉक्सच्या तोंडावर आठ. दोघं एकमेकांकडे बघायलाही तयार नव्हते. लेथवाल्या काकांनी मधे बसवायला अंगठ्याएवढी जाड कडी करून दिली, क्लचप्लेटचा मधला भागही बदलून दिला, तेव्हा कुठे जमलं. आमच्या सौ.चं म्हणणं, आजोबांच्या तोंडात नातवाचे दात बसवलेत, आता चावतात कोणाला ते बघायचं.

अडचण एकच. एक्सल पोत्यातून सुटा आला. त्यातलं मोठं दातेरी चाक, क्राऊन म्हणतात त्याला, दोन्ही बाजूंनी बसतं. कुठली बाजू खरी? काका महिनाभर मुलीकडे गेलेत. अप्पांनी जुना एक्सल उघडला तेव्हा उजेडाला बॅटरी धरून तू उभी होतीस. मी नव्हतो, कारण अप्पांनी मला ये म्हणून हाक मारली होती. जुन्यात होतं त्याच बाजूला यातही असणार. ड्रायव्हरच्या जागेवर बसून समोर पाहिलं तर ते चाक डावीकडे की उजवीकडे, एवढं कळव.

लोभ आहेच, त्याचे बोल्ट तेवढे घट्ट असू देत.

तुझा धाकटा

*

दि. ११ फेब्रुवारी

चि. नन्नोबास,
अनेक आशीर्वाद.

या वयातही तुला हेच नाव शोभतं. लहानपणी तुझा नन्नाचा पाढा ऐकून अप्पांनी ठेवलं, आणि तू ते आजवर एकदाही खोटं ठरवलं नाहीस.

इंजिन सुरू झाल्याचं वाचून चहा कपात ओतायचा तो बशीत ओतला. आनंदाने की घाबरून, विचारू नकोस.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर: उजवीकडे. ड्रायव्हरच्या जागेवर बसून समोर बघायचं, आणि क्राऊन उजव्या हाताला. भूगोल शिकवण्यात जन्म गेला माझा, दिशा चुकत नाही. माझं ऐकायची तुला सवय नाही हे ठाऊक आहे, तरी विचारलंस म्हणून लिहिते.

मात्र घाई करू नकोस. कुंड्यांना नव्याने माती घातली आहे. शेजारीण संध्याकाळी येऊन बसते. जिना मी आता कठडा धरून उतरते, आणि एखादी पायरी चुकली तर तिला नमस्कार करून पुढची घेते. माझं काही अडलेलं नाही. भावजयीला सांग, तुझ्या हाताला तेल लागलेलं असताना तुला घरात घेऊ नये.

आशीर्वाद पुरवून वापर.

तुझी ताई

*

दि. २ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

काल मुहूर्त केला. कोणी पाहत नसताना केला असता तर बरं झालं असतं, कारण सगळी गल्ली पाहत होती.

गाडी नीट निघाली नाही तर ढकलायला म्हणून पाच शेजारी मागे उभे केले होते. मी ऐटीत क्लच दाबला, पहिला गिअर टाकला आणि क्लच सोडला. गाडी पाचही जणांच्या अंगावर मागे धावली. चौघे कुंपणावर चढले, पाचवे गृहस्थ गुडघ्याच्या ऑपरेशननंतर पहिल्यांदाच पळाले. मला वाटलं गिअर चुकला. म्हणून दुसरा टाकला. तर ती आणखी जोरात मागे! सौ.ने वाळत घातलेल्या चादरीत गुरफटून थांबली. तिसरा टाकायची माझी छाती झाली नाही.

मग रिव्हर्स टाकून पाहिला. गाडी पुढे गेली. माणसाच्या चालीने, कण्हत, पण पुढे.

क्राऊन उलट्या बाजूला बसलाय. आता माझ्याकडे मागे जायचे तीन गिअर आणि पुढे जायचा एक. ताई, तू उजवीकडे लिहिलंस. जन्मात पहिल्यांदा मी तुझं अक्षरन् अक्षर ऐकलं. आयुष्यभर लोकांच्या वेलांट्या पकडल्या, आणि तुझं पत्र न तपासता सरळ छापलं. हसावं की रडावं कळत नाही. गल्लीने पहिलं निवडलं आहे.

एक्सल पुन्हा उतरवायचा तर काका येईपर्यंत थांबावं लागेल, मग पुढे दीड महिना. माझे खांदे आता वर जात नाहीत. खरं सांगू? गाडीचं मला काही नाही. फोन वाजला की तो तुझ्या जिन्याबद्दलच असेल असं वाटतं, आणि उचलेपर्यंत मी घाबरलेला असतो. ही अट सोड. रिक्षाने ये, टेम्पोने ये, पण ये.

सौ.चा नमस्कार. चादर फाटली आहे, ते तिने लिहायला सांगितलं आहे.

तुझा मागे मागे जाणारा भाऊ

*

दि. ७ मार्च

चि. नन्नोबास,
अनेक आशीर्वाद, आणि माफीही. धाकट्याची माफी मागायची पद्धत मला ठाऊक नाही, चुकलं तर तपासून घे.

क्राऊन डावीकडेच असतो. मला पक्कं आठवतं. अप्पांनी मला तीनदा दाखवलं होतं.

मी मुद्दाम उलट लिहिलं. साठ वर्षं मी तुला असंच वळवत आले. दूध प्यायला लावायचं तर पिऊ नकोस म्हणायचं, अभ्यासाला बसवायचं तर खेळायला जा म्हणायचं. उजवीकडे लिहिलं की तू हटकून डावीकडे बसवशील, हा माझा हिशेब. तू नेमका याच वेळी शहाणा होशील हे मला कसं कळावं?

पण हे निम्मंच खरं. निम्मं असं की लिहिताना मनात आलं, चुकून ऐकलंच त्याने, तर ऐकू दे. गाडी निघायची नाही आणि मला नाही म्हणावं लागायचं नाही. या घरात यांची खुर्ची आहे. ती सोडून येण्याची भीती वाटते, आणि एकटीने राहण्याचीही वाटते. भूगोलाच्या बाईंना दिशा कळेनाशी झाली होती. म्हणून ठरवायचं काम त्या बंद गाडीवर टाकून मी मोकळी झाले. तुझी भीती वाचल्यावर स्वतःचीच लाज वाटली.

तेव्हा आता काहीही उघडू नकोस. गाडी स्वतःच्या इंजिनावर यावी एवढीच माझी अट होती, वेग मी लिहिला नव्हता. मीही त्याच बनावटीची आहे, मागचे तीन आणि पुढचा एक. रविवारी सकाळी नीघ. अठरा किलोमीटर चालीच्या वेगाने, इंजिन तापेल, पाण्याचे दोन डबे ठेव. परतीलाही तसंच सावकाश जाऊ. या घरापासून दूर जायला मला तेवढा वेळ लागेलच.

खुर्ची मागच्या सीटवर मावते, मी मापून ठेवली आहे. मी पुढे तुझ्याशेजारी बसेन. भावजयीसाठी नवी चादर घेतली आहे.

पाण्याच्या टाकीपाशी रस्ता फुटतो, तिथे डावीकडे वळ. या वेळी खरंच डावीकडे.

वाट पाहणारी,
तुझी ताई