दिवा विझला तर उतरायचं नाही

आबा, परवा माझी तोंडी परीक्षा आहे. सरदारकीची. तुमच्या डोळ्यांपुढं घोड्यावरचा सरदार येईल, पण इकडं झारखंडात कोळशाच्या खाणीत सरदार म्हणजे पाळीच्या आधी आत जाऊन छत ठोकून बघणारा, गॅस तपासणारा आणि मग बाकीच्यांना आत सोडणारा माणूस. त्याच्या वर ओव्हरमन, त्याच्या वर मॅनेजर. मला मॅनेजर व्हायचंय. सातवी शिकलेल्यानं असं बोलू नये, ठाऊक आहे मला. पण मॅनेजरच्या परीक्षेचं एक जुनं पुस्तक माझ्या उशाला असतं. खाणीत हवा कुठून घ्यायची नि कुठून बाहेर काढायची, छताला टेकू किती अंतरावर द्यायचे, सुरुंग उडाला नाही तर किती वेळ जवळ फिरकायचं नाही, पाणी साचलेल्या जुन्या कामापासून किती लांब राहायचं, नकाशा कसा वाचायचा, कायदा काय सांगतो, सगळं त्यात आहे. अर्धं मला कळत नाही. जे कळत नाही ते मी लातूरला फोन लावून बारकीला विचारतो.

तुम्ही गेलात तेव्हा बारकी पाच वर्षांची होती. आता क्लासला जाते, आई तिथंच एका मेसमध्ये पोळ्या लाटते. लातूर तुम्हाला ओळखू यायचं नाही. गल्लोगल्ली क्लासच्या पाट्या, पाट्यांवर पोरापोरींचे फोटो आणि खाली मार्क. फोनवर बारकी माझी मास्तरीण होते. "दादा, मिथेन हलका असतो रे, तो वर छताला जातो. कर्बवायू जड, तो खाली बसतो. लिहिलास का?" मी म्हणतो, "लिहायलो, दमानं सांग." मग हसते, म्हणते, "तू मॅनेजर झालास की मला खाणीच्या दवाखान्यात डॉक्टर लाव. पण अक्षर सुधार आधी, सही करावी लागती मॅनेजरला."

मागल्या साली मी ह्याच हलक्या-जडात नापास झालो. परीक्षकांनी खाणीतला जाळीचा दिवा हातात दिला आणि विचारलं, गॅस बघायला कुठं धरशील? मी खाली वाकलो आणि दिवा पायाशी धरला. ते हिंदीत म्हणाले, विहिरीत उतरतोयस काय? सगळे हसले. खाणीत दिवा हळूहळू छताकडं न्यायचा असतो, ज्योत बारीक करून तिच्यावर निळी टोपी चढते का ते बघायचं असतं. पण मला वर बघायची सवय कुठली? तुमच्यासंगं विहिरी खणत, उपसत उदगीरपासून निलंग्यापर्यंत जेवढ्या विहिरींवर आलो तिथं मरण तळालाच बसलेलं असायचं.

तुम्ही विहिरीच्या काठावर पालथे पडून कंदील सोडताय. मी दोर धरलाय. कंदील खाली जातो, पिवळा ठिपका होतो, आणि कधी कधी मालकाच्या तोंडाचा पट्टा चालू असतानाच विझतो. मालकाला घाई असते. "अहो मिस्त्री, वाऱ्यानं गेला असंल." तुम्ही म्हणता, "वारा असता तर गेलाच नसता." मग लिंबाच्या डहाळ्यांचा भारा दोराला बांधून तो विहिरीत खालीवर, खालीवर. तासभर सुद्धा. आतली हवा ढवळली की पुन्हा कंदील. दिवा विझला तर उतरायचं नाही, एवढा एकच धडा तुम्ही मला दिलात. एकदा मी गंमत म्हणून पहिल्या पायटीवर पाय टाकला होता तर अशी थोबाडीत बसली की कान दोन दिवस वाजत होता. पुस्तकात हवा फिरवण्याचा जो लांबलचक धडा आहे तो वाचताना मला बाकी काही नाही, त्या डहाळ्यांचा वास येतो.

आणि मग भूकंपानंतरचे ते दिवस. आपण पत्र्याच्या शेडात राहतोय, गावातल्या विहिरी कुणाच्या आटल्या, कुणाच्या दगडांनी बुजल्या. प्यायला पाणी नाही म्हणून शेजारचा तात्या तुमची वाट न बघता उतरला आणि तळाशी आडवा झाला. तुम्ही पळत आलात. सवयीनं कंदील सोडला. तो गेला. मी म्हणालो, "आबा, दिवा विझला." तुम्ही म्हणालात, "दिसलं मला." धोतराचा काचा मारला आणि उतरलात. तुम्ही तात्याच्या काखेत दोर बांधलात, दोनदा हिसका दिलात, आम्ही ओढलं. तो वाचला. दोर परत खाली सोडला तेव्हा तो धरायला कुणी उरलं नव्हतं. तात्या अजून दर दिवाळीला आईकडं येतो, उंबऱ्यात बसतो, चहा घेत नाही.

आता जे सांगायला बसलोय ते. दोन महिन्यांमागं माझा खोलीवरचा जोडीदार गेला. एका चुलीवर जेवायचो आम्ही. लाकडी टेकू कमी पडले म्हणून तो जुन्या बंद कामातले आणायला कुंपण ओलांडून आत गेला. सरदारानं शिकायला म्हणून दिवा माझ्या हातात दिला होता. कुंपणाशी गेलो, दिवा खाली धरला, विझला. आत वीस पावलांवर तो पडलेला. त्याच्या टोपीवरचा बॅटरीचा दिवा चालूच होता, त्याला हवा लागत नाही. माझ्यामागं दोघं धावत आले, मी दोन्ही हात पसरून त्यांना अडवलं. म्हणालो, पडदा लावा, हवा आत वळवा, सरदाराला बोलवा. सगळं बरोबर केलं. पडदा लागून हवा आत जाईपर्यंत तो गेला होता. अडवलेल्या दोघांतला एक तिथंच खाली बसला आणि म्हणत राहिला, "बीस कदम था, बीस कदम." तेव्हापासून माझ्या शेजारी कुणी डबा उघडत नाही.

चौकशीत साहेबांनी माझी पाठ थोपटली. असल्या वेळी पहिल्यामागं जाणारेच जास्त मरतात, हा शिकला म्हणून दोन जीव वाचले, म्हणाले. परवा हाच प्रश्न येणार, सगळ्यांना येतो. साथी बेशुद्ध पडला तर काय कराल? मला उत्तर पाठ आहे. बारकी फोनवर घोकून घेते, आणि दर वेळी शेवटी विचारते, "मग आबा का उतरले रे?" मी म्हणतो, रेंज जायलीय, आणि फोन ठेवतो. तुम्ही त्या परीक्षेत नापास झाला असता, आबा. आणि तात्या जिवंत आहे.

हे कागद धाडायला पत्ता नाही, आणि असता तरी धाडले नसते. परवा मी पास होईन. पण आबा, त्या कुंपणाशी मला पुस्तकातलं एक अक्षर आठवलं नव्हतं. तुमचा नियमही नाही. ते सगळं वर उजेडात आल्यावर आठवलं. तिथं मी फक्त भ्यालो होतो. आणि त्या दोघांना मी त्यांच्या जिवासाठी अडवलं नाही. ते आत गेले असते तर मला एकट्याला बाहेर उभं राहता आलं नसतं, म्हणून अडवलं.