माझी वेडी नायिका, वय वर्षे सोळा

३ ऑगस्ट १९८६, रविवार. मुलुंड.
आजपासून लेखन. भांडुपचा शिवदास यंदा दिवाळी अंक काढतोय आणि त्याने माझी दीर्घकथा मागितली आहे. (मी चार वेळा त्याच्याकडे गेल्यावर तो बघू म्हणाला.) ३१ तारखेपर्यंत द्यायची. विषय झकास: सोळा वर्षांची मुलगी वेडी होते. इतकं वास्तववादी आजवर कुणी लिहिलेलं नसणार. टोपणनाव चंद्रप्रकाश. धोंडू नावाला वास्तववाद शोभत नाही.
संकल्प: रोज पाच पानं.

४ ऑगस्ट
शून्य पानं. माझी लिहायची जागा म्हणजे खिडकीजवळची कॉट, आणि तिथे आमची सुलक्षणा भिंतीकडे तोंड करून पडलेली. कॉलेजला गेली नाही. बायकोला, विमलाला विचारलं तर म्हणाली, आठवडा झाला, तुमचं लक्ष कुठाय. अकरावीत गेल्यापासून पोरगी आळशी झालीय. शेवटी ओट्यावर लिहायला बसलो. विमलाने गरम कुकर वहीवर ठेवला.

७ ऑगस्ट
संशोधन. हाफ डे टाकून ठाण्याच्या मेंटल हॉस्पिटलच्या गेटवर गेलो. वॉचमनने विचारलं, भेटायला आलात की भरती व्हायला. म्हटलं, लेखक आहे. तो म्हणाला, मग भरतीची खिडकी तिकडे. समोर कटिंग चहा घेतला, वातावरण टिपलं. घरी येऊन चार पानं नुसतं वातावरण.

१० ऑगस्ट, रविवार, सकाळी ७
नायिका कशी हसेल ते आरशासमोर करून पाहिलं. मोकळे सोडायला केस नाहीत, म्हणून डोक्यावर टॉवेल घेतला. तिसऱ्या हसण्याला शेजारच्या सुंदराबाई धावत आल्या. विचारायला लागल्या, धोंडू, औंदा देवाक नारळ दिलंस काय रे? मी त्यांना कला समजावून सांगितली. त्यांनी ऐकून घेतलं आणि माझ्यावरून मीठ-मिरच्या उतरवून चुलीत टाकल्या. ठसका लागला नाही, म्हणजे नजर जबरदस्त, असं म्हणाल्या.
सुलक्षणा समोरच बसली होती. हसलीसुद्धा नाही. विनोदबुद्धीत आईवर गेलीय.

१५ ऑगस्ट
एकोणीस पानं! आत्तापर्यंत नायिकेने तीन आरसे आणि एक कंदील फोडला, दोनदा गच्चीवर धावली, एका डॉक्टरला चावली. सुलक्षणा त्याच वयाची, म्हणून तिला वाचायला दिली. आठ पानं वाचून म्हणाली, बाबा, ही सारखी ओरडते, धावते, एवढी ताकद हिला येते कुठून? मला तर वेणीसुद्धा घालवत नाही.
मुद्दा पटला. नायिकेला रोज दोन अंडी सुरू केली.

२२ ऑगस्ट
शिवदासला निम्मी कथा वाचून दाखवली. म्हणाला, यार, ही वेडी नाय वाटत, आखाड्यात उतरल्यासारखी वाटते. वर म्हणे, तुझ्या घरात त्याच वयाची पोरगी आहे ना, तिच्याकडे बघ जरा. बघून काय मिळणार? दिवसभर पडून असते. ताटात भात तसाच. काल तिची मैत्रीण शकु दारातून परत गेली. ना आरडाओरडा, ना फोडाफोड. मटेरियल शून्य.
शिवदासला साहित्यातलं कळत नाही. पण अंक त्याचा आहे.

२७ ऑगस्ट
विमला माझी खरी सहचरी. मी न सांगता तिने घाटकोपरच्या एका मानसोपचाराच्या डॉक्टरांची शनिवारची वेळ घेतली. सुलक्षणालाही न्यायचंय म्हणाली. जरूर, पोरीला बापाचं संशोधन तरी दिसेल. हे सांगताना विमला रडत का होती ते कळलं नाही. लेखकाच्या बायकोला ताण हा असतोच. डॉक्टरांसाठी प्रश्नांची यादी केली. चौतीस प्रश्न झाले.

३० ऑगस्ट, शनिवार
इस्त्रीचा शर्ट, हस्तलिखित, यादी. कंपाउंडरने नाव पुकारलं, सुलक्षणा. मी चूक दुरुस्त करायला उठलो, तर विमलाने मनगट धरून खाली बसवलं.
डॉक्टर अर्धा तास एकट्या सुलक्षणाशी बोलले. मग तिला बाहेर बसवून आम्हाला आत घेतलं. झोप कधीपासून गेली, जेवण कधी तुटलं, आवडीचं काय होतं आणि ते कधी सोडलं, असं विचारत गेले. नायिकेचं मला सगळं पाठ आहे, आवडता रंग, फूल, रास. हिचं एकही सांगता आलं नाही. विमला मात्र तारखेनिशी सांगत होती. डॉक्टर म्हणाले, हा आजार आहे, आळस नव्हे. औषधाने बरी होईल, वेळ लागेल, तिला एकटं सोडू नका. मग माझ्याकडे वळून म्हणाले, तुम्ही बाहेर तिच्याजवळ बसा.
बाकावर बसलो. यादी खिशातच राहिली. लाज वाटत होती आणि खूप भीतीही वाटत होती. सुलक्षणाने विचारलं, बाबा, तुमच्या गोष्टीतल्या त्या मुलीचं शेवटी काय होतं?
शेवटी ती विहिरीत उडी घेते. मुलुंडात सोयीची विहीर नाही, म्हणून तिला मी खास कोकणात नेलंय. सात पानं आहेत. परवा लिहून झाली तेव्हा स्वतःवरच इतका खूश झालो होतो की शिरा करायला सांगितला.
म्हटलं, अजून लिहिलं नाही गं.