अण्णांची मुलाखत

नांदेड, २० जून १९८३

ती. अण्णांस,
महादेवीचा शि. सा. न. वि. वि.

मावशीकडे सगळे बरे आहेत, पण माझा जीव थाऱ्यावर नाही. परवा कॉलेजच्या मुलाखतीत हे काय करून बसलात! ती जागा दुष्काळी गावच्या कोरडवाहू घरातल्या मुलींसाठी राखलेली. साहेबांनी घरचं विचारलं, तर तुम्ही फेटा सावरून म्हणालात की विहिरीला बारमाही पाणी हाय, दावणीला चार बैलं हायत, पोरीला काई कमी न्हाई. अण्णा, ते काय मला बघायला आले होते? दिवाळीत मी आले तेव्हाच विहिरीचा तळ दिसत होता. आता साहेब म्हणतात, येत्या सोमवारी वडिलांनी येऊन खरं सांगावं, नाहीतर जागा दुसरीला. मग मी गावी परत, आणि ते उदगीरचं स्थळ. मला फार भीती वाटते. याच.

तुमच्या आशीर्वादावर तगलेली,
महादेवी


निलंगा, २३ जून

चि. महादेवीस अनेक आशीर्वाद.

पत्त्यावर अजून उस्मानाबाद लिहितेस. कॉलेजवाल्या बाई, आपला जिल्हा आता लातूर!

परक्यांपुढे घरचं उणं काढू नये, हे मला बापानं शिकवलं. तुझ्या आक्काच्या सोयरिकीत असाच बोललो आणि तिचं भलं झालं. घरी काही नाही म्हणणाऱ्याला जागा मिळते, हे मला कुठलं ठाऊक? त्या खोलीत पुन्हा जायची मलाही धास्ती वाटते. पण येतो.

जीव लावून असलेला,
तुझा अण्णा


नांदेड, २८ जून

ती. अण्णांस,
शि. सा. न. वि. वि.

आज नाव लागलं. जागा मिळाली, वसतिगृहही मिळालं. मावशीनं साखर वाटली.

मला वाटलं होतं, विहीर आटली एवढंच सांगाल. काल साहेबांपुढे तुम्ही फेटा काढून मांडीवर ठेवलात आणि खाली बघून बोलत राहिलात. बैलांला बाजार दावला, बियाची जवारी दळून खाल्ली, पोरीची माय खडी फोडताना दोनदा चक्कर येऊन पडली, आता उठवत न्हाई. साहेब लिहून घेत होते. मी शेजारीच बसले होते, आणि मीही ते पहिल्यांदाच ऐकत होते. उन्हाळ्यात ऊन फार आहे, येऊ नकोस म्हणालात, ते यासाठीच ना?

बाहेर आल्यावर विचारलं, तर साहेबांपुढे जरा वाढवून सांगावं लागतं, असं म्हणून तुम्ही गाडीत चढलात. अण्णा, कोणतं खरं? आई उठते का, खाते का, तेवढं उलट टपाली लिहा. सगळं ठीक आहे असं लिहिलंत, तर मी पहिल्या गाडीनं निघून येईन.

तुमचीच,
महादेवी